घोडीला नाही म्हणू देणारा माणूस

रतनआप्पा गेल्याचं मला बँकेच्या काउंटरवर कळलं. पैसे भरणाऱ्यांच्या रांगेत त्यांचा मुलगा भगवान तासभर उभा होता. त्याचा नंबर आला तेव्हा मी मान वर न करता स्लिपसाठी हात पुढे केला. स्लिप आली नाही. वर पाहिलं, तर भगवानचं डोकं भादरलेलं. "आप्पा गयात, ताई," तो म्हणाला. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बारा दिवस होऊन गेले होते. एवढ्या दिवसांत एक निरोप नाही म्हणून मी त्याच्यावर भरगर्दीत ओरडले. तो बिचारा म्हणाला, "बँकेत तुम्ही कामात राहतात ना..." आणि मागच्या माणसाचा खोळंबा नको म्हणून बाजूला झाला.

त्यानंतर चारच दिवसांनी घोडेस्वारीच्या क्लबातून सेक्रेटरींचा फोन आला. सुरतेच्या डुमस रोडवरचा तो क्लब. त्याचं नाव मी लिहिणार नाही, ज्यांना ओळखायचा ते ओळखतील. "रतनकाका तो अपने घर के आदमी थे, मॅडम. हमारी स्मरणिका के लिए दो अच्छे शब्द लिख दीजिए." मुखपृष्ठावर म्हणे आप्पांच्या घोडीचा उडी मारतानाचा फोटो घालणार आहेत. मी फोन ठेवून दिला. घरचा माणूस! त्या घरातून त्यांना कसं काढलं ते मी पाहिलेलं आहे. दोन चांगले शब्द माझ्याजवळ नाहीत. जे आहे ते इथे लिहिते आहे.

रतनआप्पा धुळ्याकडचे. उमेदीची सगळी वर्षं घोडेस्वार पोलिसांत गेली. बायको गेल्यावर ते मुलाकडे सुरतेला आले. भगवान बमरोलीत लूमवर कामाला, घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. दिवसभर मागांची खडखड ऐकत बसणं आप्पांना जमेना. कुणीतरी सांगितलं क्लबात मोतद्दार पाहिजे, तर दुसऱ्या दिवशी सायकल काढून गेले आणि घोड्यांना दाणापाणी करायला लागले. मी नाशिकहून बदली होऊन आले होते. कॉलेजात एनसीसीमध्ये घोड्यावर बसले होते, तेवढ्या भांडवलावर रविवारी क्लबात जायला लागले. पहिल्याच दिवशी मी रपेट करून ऐटीत उतरले, तर एक म्हातारा लगाम हातात घेत म्हणाला, "ताई, लगाम धरायला असतो. लोंबकळायला नाही." मला राग आला. महिन्याभरात कळलं की माणूस अगदी बरोबर बोलला होता.

ठकी ही शर्यतीची घोडी. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर तिचं भलंमोठं इंग्रजी नाव होतं. तीन हंगाम पळाली, मग मागे पडायला लागली. मागे पडलेल्या घोड्याला तिथे कुणी विचारत नाही. हात बदलत बदलत ती सुरतेत एका वरातीच्या घोडेवाल्याकडे आली. ज्या जनावराला जन्मापासून फक्त सुसाट पळायला शिकवलं, त्याच्या पाठीवर नवरदेव बसवून त्याच्या कानाशी बँड आणि पायाशी फटाक्यांच्या माळा! कतारगामच्या एका वरातीत ती उधळली. नवरदेव कसाबसा वाचला, घोडीच्या मांडीवर भाजल्याचा डाग कायमचा राहिला. क्लबाने ती घेतली ती दिसायला देखणी म्हणून. पण बसणार कोण? लगाम ओढला की थांबायच्या ऐवजी ती जास्तच पळायची. दोघांना पाडल्यावर तिला शेवटच्या ठाणात बांधून ठेवली. आप्पांनी सेक्रेटरींना सांगितलं, ही माझ्याकडे द्या. फुकटचं काम कुणी अंगावर घेत असेल तर नाही कोण म्हणणार?

पहिले दोन महिने आप्पांनी तिच्या पाठीवर खोगीर घातलंच नाही. मोकळं सोडायचं, खरारा करायचा, हातात दोरी धरून फिरवायचं, बस. "हिला उभं राहणं माहीत नाही," ते म्हणत. "आधी उभं राहायला शिकू दे." मग मला वर बसवलं, पण फक्त चालवायचं. मी पुन्हा पुन्हा विचारायची, उडी कधी? ते जमिनीवर एक बांबू आडवा टाकत. त्या बांबूवरून चालत जायचं, एवढंच. ठकी त्या बांबूला सापासारखी बिचकली. आठवडा गेला तेव्हा ती त्याला हुंगून ओलांडायला लागली. मग दोन बांबू, मग चार, सारख्या अंतरावर, दुडक्या चालीने. पावलं मोजून टाकायला ती शिकली ती तिथे. शर्यतीच्या घोड्याला पाऊल मोजायची वेळच कधी आलेली नसते.

एकदा त्यांनी बांबू विटेवर ठेवला, जेमतेम वीतभर उंच. ठकी आली आणि गप्पकन थांबली. मी टाच मारणार तेवढ्यात आप्पांचा आवाज आला, "नको!" त्यांनी पुढे होऊन बांबू खाली ठेवला, तिला त्यावरून चालवलं आणि गूळ दिला. मी चिडून म्हटलं, "नाही म्हटल्याबद्दल बक्षीस? अशाने ती शेफारेल."

"तिले भेव वाटस, ताई," ते म्हणाले. रंगात आले की ते अहिराणीवर येत. "भेव मारीसन जात नही. आजवर तिनं नाही म्हटलं तर कुणी ऐकलं का? एकदा ऐकून बघू. ऐकतात असं कळलं, की ती हो म्हणेल."

ऐकायला हे किती सोपं! त्यासाठी चौदा महिने लागले. पावसाळ्यात चिखल झाला की काम बंद, मग पुन्हा खालच्या बांबूपासून सुरुवात. दोनदा ती इतकी मागे गेली की मी आशा सोडली. आप्पांनी एकदाही हात उगारला नाही. आणि मग एका सकाळी, गुडघाभर उंचीच्या अडथळ्याकडे मी तिला वळवलंही नव्हतं, तर तिने आपणहून कान टवकारले, मोजून तीन पावलं टाकली आणि उडी मारली. पलीकडे उतरल्यावर मान झटकून अशी चालली, जशी काही शर्यत जिंकली! आप्पा तिथेच मातीत उकिडवे बसले.  पंचाने तोंड पुसत राहिले...

पुढच्या चार-पाच महिन्यांत ती कमरेएवढी उडी मारायला लागली आणि सगळ्यांना तिची आठवण झाली. अध्यक्षांचा मुलगा तेव्हा परदेशात शिकून परत आला होता, तिशीकडे झुकलेला. क्लबाच्या वार्षिक कार्यक्रमात ठकीवर तोच बसणार असं ठरलं. आप्पा सेक्रेटरींकडे गेले. बँड वाजणार असेल तर तिला नेऊ नका, अडथळा छातीएवढा ठेवू नका, मला अजून दोन महिने द्या. सेक्रेटरी हसले. "काका, घोडी छे, दीकरी नथी." घोडी आहे, पोटची मुलगी नाही म्हणे.

कार्यक्रमाच्या दिवशी बँड होता. मोठमोठे पाहुणे होते. आणि माईक माझ्या हातात होता, कारण मला बरं बोलता येतं म्हणून नावं पुकारायचं काम मला दिलं होतं. ठकी मैदानात आली तेव्हाच घामाने काळी झाली होती. पहिल्या अडथळ्यापाशी ती थांबली. पाहुणे हसले. दुसऱ्यांदा थांबली तेव्हा चाबूक बसला. तिसऱ्यांदा तिने भीतीपोटी वाटेल तशी झेप घेतली, दांडे अंगावर घेतले आणि गुडघ्यांवर आपटली. स्वार पडला नाही. पडला असता तर बरं झालं असतं. तो तिला उठवून पुन्हा अडथळ्याकडे वळवत होता, मारत होता. तेवढ्यात आप्पा मैदानात चालत गेले. धावले नाहीत, चालत गेले, तिच्या डोळ्यांसमोरून. लगाम धरला आणि म्हणाले, "उतरो, साहेब." चाबूक त्यांच्या मनगटावर बसला. चुकून लागला, असं नंतर सगळे म्हणाले. मी दहा हातांवर होते. चुकून नव्हता.

आप्पांनी लगाम सोडला नाही. शेवटी तो उतरला. आप्पा लंगडत्या घोडीला घेऊन तबेल्याकडे गेले. सगळे माझ्याकडे बघत होते... आणि मी पुढच्या घोड्याचा नंबर पुकारला.

त्याच संध्याकाळी आप्पांना सांगण्यात आलं, उद्यापासून येऊ नका. पाहुण्यांसमोर अपमान केला म्हणे! कुणाचा अपमान झाला होता हे विचारायला तिथे एकाचंही तोंड उघडलं नाही. माझंही नाही.

पंधरा दिवसांनी मी बमरोलीला गेले. आप्पा पडवीत बसले होते, मनगटावर वळ काळा पडला होता. मी म्हटलं, "फार वाईट झालं, आप्पा. ती माणसंच तशी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश म्हणाले, "तुमना हातमा माईक व्हता, ताई."  सुनेने, मंगलाने, चहा आणला, तो मी कसाबसा प्यायले आणि निघाले. आजवर मला कुणी असं बोललेलं नाही, आणि ते खोटं होतं असं आजही म्हणता येत नाही.

त्या शरमेने का होईना, मी एक काम केलं. ठकी आता अडथळा दिसला की मागच्या पायांवर उभी राहायची. तिला परत वरातवाल्याकडे द्यायचं घाटत होतं. क्लबात येणाऱ्या जनावरांच्या डॉक्टरांची सुरतेबाहेर सचिन गावाजवळ थोडी जमीन होती. मी त्यांच्या पायाशी बसले म्हणा ना! त्यांनी क्लबाला सांगितलं, गुडघा बरा होईपर्यंत माझ्याकडे असू द्या. तिला परत मागायला कुणी आलं नाही. मी पुन्हा बमरोलीला गेले आणि फक्त एवढंच सांगितलं, ठकी सचिनला आहे. आप्पा उठले, चपला घातल्या, म्हणाले, "चला."

मग दर रविवारी ते बस बदलून सचिनला यायचे. पुन्हा पहिल्यापासून. खोगीर नाही, हातात दोरी, जमिनीवर एक बांबू. या वेळी दोन वर्षं गेली. ठकी पुन्हा उडी मारायला लागली, पण कमरेच्या वर कधीच नाही, आणि मीही तिच्याकडून त्याहून उंच मागितली नाही. पुढे वयामुळे आप्पांचं येणं कमी होत गेलं. मी एकदा आप्पांना विचारलं, "तुम्हाला त्या लोकांचा राग येत नाही?" ते म्हणाले, "येतो ना. पण तिच्याजवळ जाताना बाहेर ठेवून यावा लागतो. तिला वास येतो त्याचा." आता ते नाहीत, आणि मी तबेल्यातही नाही. त्यामुळे माझा राग मी बाहेर ठेवणार नाही. स्मरणिकेवर छापणार आहेत तो फोटो सचिनच्या शेतातला आहे. डॉक्टरांनी काढलेला. क्लबाचा त्यात एक दांडासुद्धा नाही. एक माणूस म्हातारपणाची जवळपास चार वर्षं खर्चून तुम्ही मोडलेली वस्तू दोनदा दुरुस्त करतो, आणि तुम्ही ती आपल्या नावावर छापता! आप्पा गप्प बसले ते त्यांचं मोठेपण. तुम्ही त्या गप्प बसण्याची फळं खाता आहात.

सेक्रेटरींच्या फोननंतरच्या रविवारी मी बमरोलीला गेले. आप्पांची खाट पडवीतून हलवलेली नव्हती. भिंतीकडे तोंड करून मी त्यावर बसले. रडत नव्हते, सेक्रेटरींना काय काय ऐकवायचं ते मनात घोळवत होते. तेवढ्यात पाठीमागून मंगलाचा आवाज आला, "मांगून येस हं, ताई." आणि मग ती चहाचा कप घेऊन समोर आली. मी चमकून तिच्याकडे पाहिलं, तशी ती ओशाळली. म्हणाली, आप्पांनी घराला लावलेली सवय आहे. कुणाच्याही पाठीमागून जायचं तर आधी आवाज द्यायचा, एकदम जायचं नाही, समोरचा दचकतो. घोड्यांमुळे त्यांच्या अंगात भिनलेलं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिला त्याचं हसू यायचं. आता भगवान आवाज देतो, ती देते, शेजारची भाडेकरीण पाणी भरायला येते तीही देते. एवढीशी खोली, पाच माणसं, बाहेर मागांची खडखड... आणि त्या खोलीत कुणी कुणाला दचकवत नाही.