थर्मासमधला चहा

मी त्या बाईंवर पहिल्या दिवसापासून पाळत ठेवली होती आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, कारण ते माझं कामच होतं. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. बनारसमधल्या एका लहानशा इस्पितळात, जे आता बंद झालंय, मी मानसोपचाराच्या बायकांच्या वॉर्डात नर्स होते. खाटा बारा. खिडक्यांना दुहेरी जाळी, बाहेरून माकडांसाठी आणि आतून पेशंटांसाठी. माझे वडील रेल्वेत होते आणि धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचं होतं, म्हणून कुणी विचारलं तर ‘इस्पितळात आहे’ एवढंच सांगायचं, कुठल्या वॉर्डात ते नाही, असं आईने मला बजावून ठेवलं होतं.

बाई बेचाळिशीच्या होत्या. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं. थोरला भाऊ आणि वहिनी यांच्याबरोबर पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांच्या वरच्या गल्लीत राहायच्या. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं-पक्षं करणं हा भावाचा व्यवसाय, त्यामुळे त्यांना सवड नसे. इस्पितळात वहिनीच यायच्या, सकाळी डबा घेऊन आणि दुपारी चहाचा थर्मास घेऊन.

तीन आठवडे बाई झोपल्या नव्हत्या. गच्चीवरून दोन बायका आपली हजेरी घेतात, नाव पुकारतात आणि गैरहजर लिहितात, असं त्या सांगत. घरचं अन्न त्यांनी सोडलं होतं. केळी खायच्या, शेंगा खायच्या, म्हणजे ज्याचं साल स्वतः काढता येतं तेवढंच. पाणी नळाचं, स्वतःच्या तांब्यात. मी केसपेपरवर लिहिलं : घरचे विष घालतात असा संशय.

वॉर्डात मराठी बोलणारी मी एकटीच. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला हाताने जवळ बोलावलं.

“सिस्टर, तुम्ही दक्खिनी ना?”

“हो ताई. राहायला इकडेच, दोन पिढ्या.”

“मग ऐका. चहात मिलावट आहे. विष नाही म्हणत मी. विषाने माणूस मरतो. याने हात जड होतो.”

त्यांनी उशीखालून वही काढली. दोन वर्षांच्या तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे आकड्यांची एक ओळ आणि दोन शब्द : हात जड, हात हलका. मी चार पानं चाळली आणि परत दिली. अशा वह्या मी आधीही पाहिल्या होत्या. एकीने शेजाऱ्याच्या रेडिओची नोंद ठेवली होती. मी ‘हं’ म्हटलं, आणि त्यांना ते ‘हं’ बरोबर कळलं.

माझं लक्ष खरं तर त्यांच्या गोळ्यांवर होतं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला शिकवलं होतं की पेशंट गोळी तोंडात टाकतो, पाणी पितो, मान डोलावतो आणि गोळी गालात राहते. तेव्हा जीभ वर करायला सांगा, गाल बघा, आणि पाच मिनिटं तिथेच बोलत बसा. बाई हसून तोंड उघडायच्या, काही दिसायचं नाही. पण आठवडा झाला तरी झोप येईना, हजेरी थांबेना. मला शंका आली. आठव्या की नवव्या दिवशी त्या अंघोळीला गेल्या तेव्हा मी खाटेखालची शेंगांची पुडी उलटी केली. काही शेंगा हलक्या लागल्या. उघडून पाहिलं तर दाण्यांच्या जागी गोळ्या, आणि टरफलं पुन्हा नीट मिटवलेली.

त्या परत आल्या तेव्हा मी गोळ्या तळहातावर घेऊन उभी होते.

“तू मराठी म्हणून मी बोलले तुझ्याशी,” त्या म्हणाल्या. “तूही त्यांच्यातलीच.”

तेव्हापासून मला ‘तू’ झालं. दोन दिवस भांडण चाललं. शेवटी त्यांनी अट घातली : गोळ्यांची बाटली त्यांच्या हातात द्यायची, लेबल त्या वाचणार, गोळी त्या काढणार. इन्चार्ज सिस्टरना हे आवडलं नाही. त्या केरळच्या, वयाने माझ्या आईएवढ्या, आणि आम्ही मराठीत बोलू लागलो की त्या ट्रॉलीजवळ येऊन उभ्या राहत. “क्या बात होता है इतना?” असं विचारत. पण त्यांनी परवानगी दिली.

बाई गोळ्या गिळू लागल्या. आठवड्याभरात झोप आली. बायका अजून हजेरी घेत होत्या, पण लांबून, असं त्या म्हणाल्या. आता प्रश्न राहिला खाण्याचा. वजन फार उतरलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी मला सांगितलं की घरचं जेवण सुरू करवा, तुमचं ऐकते ती.

मी वहिनींसमोर डबा उघडला आणि परवलची भाजी आणि अर्धी पोळी आधी स्वतः खाल्ली. बाई माझ्या घशाकडे बघत होत्या. दहा मिनिटं थांबून त्यांनी घास घेतला. मग मी थर्मासकडे हात नेला तर वहिनी पटकन म्हणाल्या, “चहा उष्टा नका करू हो. त्यांना चालत नाही.”

मला ते खरं वाटलं. आमच्याही घरी उष्टं चालत नसे. मी कप भरला आणि बाईंच्या हातात दिला.

“तू सांगतेस म्हणून पिते,” त्या म्हणाल्या.

“प्या ताई. चहाच आहे.”

चौथ्या दिवशी दुपारी वॉर्डातून ओरडण्याचा आवाज आला. मी धावले. बाई खाटेवर बसल्या होत्या, मान एका खांद्याकडे पिळल्यासारखी वळलेली, बुबुळं वर छताला लागलेली, तोंडातून लाळ. बोलायचा प्रयत्न करत होत्या पण जीभ जाड होऊन दातांमध्ये आली होती. शेजारच्या पेशंटची सासू हात जोडून “ऊपरी हवा है, ऊपरी हवा” म्हणत होती, म्हणजे बाहेरची बाधा. वहिनी भिंतीला टेकून रडत होत्या. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाले, “नाटक है. कल तक तो ठीक थी.”

मला आमच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. नाटक म्हणण्याआधी मान, डोळे आणि जीभ बघा, ही औषधं शरीराला असं आवळून धरू शकतात. मी ते मोठ्याने म्हटलं. इन्चार्ज सिस्टर माझ्या मागे येऊन पोचल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांकडे एकदाच पाहिलं, डॉक्टरांनी मान डोलावली आणि सिस्टरनी स्वतः इंजेक्शन भरलं. वीसेक मिनिटं मी बाईंचं डोकं हातात धरून बसले. हळूहळू मान सैल पडली, डोळे खाली आले. ते आधी माझ्यावरच आले.

“तू म्हणालीस, पी,” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी चौकशी झाली. इन्चार्ज सिस्टरनी गोळ्यांची बाटली टेबलावर ओतून मोजली. नोंदीशी हिशेब बरोबर जुळला. तरी त्यांनी विचारलं, “तुमने अलग से कुछ दिया? नींद के लिए? प्यार से?” मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवसापासून ट्रॉलीला हात लावायचा नाही, असं त्यांनी सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं होतं की बाईंकडे कुठेतरी साठवलेल्या गोळ्या असतील. पुन्हा शेंगा फोडल्या, गादी उसवली. काही मिळालं नाही. मला मात्र राहून राहून वाटत होतं की गोळ्यांतून आलं नसेल तर ते कुठून आलं?

सकाळी मी बाईंकडे वही मागितली. त्यांनी तोंड फिरवलं, पण वही उशीखालून माझ्याकडे ढकलली. या वेळी मी स्टुलावर बसून पहिल्या पानापासून वाचली. आकड्यांची ओळ म्हणजे रोज तेच दहा आकडे, शाळेत फळ्यावर लिहावेत तसे. ‘हात जड’ असलेल्या दिवशी आकडे बारीक होत होत मुंगीएवढे झालेले. मग अलीकडचा एक अख्खा महिना, रोज ‘हात हलका’, आकडे मोठे आणि सरळ.

“हा महिना कसला ताई?”

“वहिनी उज्जैनला होत्या. माहेरी. चहा मी करत होते.”

त्या महिन्याच्या शेवटच्या पानावर, त्याच सुंदर सरळ अक्षरात लिहिलं होतं : आज गच्चीवर दोन बायका आल्या.

मी ते पान पुन्हा वाचलं. चहा थांबला तेव्हा हात सुटला. आणि चहा थांबला तेव्हाच त्या बायका आल्या. बाई दुसऱ्याच दिवशी मला सांगत होत्या की विष नाही म्हणत मी, आणि मी लिहिलं होतं विष.

दुपारी वहिनी आल्या. कप धुवायला त्या नळावर गेल्या तशी मी चादरींच्या कपाटाआड उभी राहिले. कुणावर चोरून नजर ठेवायची मला सवय होती, पण पेशंटवर. पेशंटच्या माणसावर पहिल्यांदाच. वहिनींनी कपात चहा ओतला, पिशवीतून बोटाएवढी तपकिरी बाटली काढली आणि ड्रॉपरने थेंब सोडू लागल्या. ओठ जप केल्यासारखे हलत होते. मी त्यांचं मनगट धरलं.

त्या दचकल्या नाहीत. कधीतरी हे होणारच होतं, असा त्यांचा चेहरा होता.

“किती दिवस, वहिनी?”

“दोन वर्षं. डॉक्टरांनीच दिलं होतं, दुसऱ्या. पाण्यासारखं आहे, वास नाही, चव नाही. ह्यांनी आणून दिलं, मी घालते.”

“इथे आम्ही गोळ्या देतोय ना? मग इथेही?”

“तुमच्या गोळ्या शेंगांत जात होत्या. मी पाहिलं होतं. तुमच्यावर कसा भरवसा ठेवू? काल एवढं झालं म्हणून आज दोन थेंब जास्त घालत होते.”

मी बाटली त्यांच्या हातातून काढून घेतली. मग त्याच म्हणाल्या, “पहिल्या वेळी त्या गच्चीच्या कठड्यावर चढल्या होत्या. खाली पायऱ्या. मी पदर धरून मागे ओढलं. तुम्ही नव्हता तिथे.”

मी बाटली घेऊन इन्चार्ज सिस्टरकडे गेले. त्यांनी ती उजेडात धरली, लेबल वाचलं, आमच्या गोळ्यांच्याच जातीचं औषध होतं ते, आणि मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले की थेंब बंद करा, गोळ्या कमी करा, पण पेशंटला सांगू नका, ती पुन्हा कुणावर विश्वास ठेवणार नाही. मला तेच बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. माझी सुटका होत होती. पण इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, “इसके बोलने पर पिया उसने. बताना पड़ेगा, सर.” आणि वहिनींकडे वळून, “आप बोलिए. हम खड़े रहेंगे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींनी सांगितलं. मराठीत, खाली बघत, एका दमात. बाई शांत ऐकत होत्या.

“किती थेंब?”

“दहा.”

“रोज?”

“रोज.”

“मी विचारलं की तुम्ही माझ्या गळ्याची शपथ घ्यायचात, वहिनी.”

वहिनी रडायला लागल्या. बाई रडल्या नाहीत. माझ्याकडे वळल्या. “चहाचं खरं होतं. मग गच्चीवरच्या बायका?”

मला वाटलं होतं, त्या मला काय काय बोलतील. हा प्रश्न येईल असं वाटलं नव्हतं.

“त्या नव्हत्या ताई,” मी म्हटलं. “चहा खरा होता. बायका नव्हत्या.”

“हे आता तुझ्यावर विश्वास ठेवून मानायचं?”

“नका मानू लगेच. वहीत बघा. दोन्ही तुमच्याच अक्षरात आहे.”

त्या दिवशी त्यांनी गोळी घेतली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी बाटली मागितली, लेबल वाचलं आणि एक गोळी काढून घेतली. माझ्याकडे न बघता.

आठवड्याने त्यांचे भाऊ आले, गंध लावलेले, तापलेले. “आमच्या घरात तुम्ही आग लावलीत,” ते मला म्हणाले. “बहिणीला वाचवायला केलं आम्ही.” वाचवायलाच केलं हे खरं होतं. इन्चार्ज सिस्टरनी त्यांना खुर्ची दिली आणि तासभर समजावलं. ट्रॉलीची किल्ली त्याच संध्याकाळी माझ्या हातात परत आली. माफी वगैरे काही नाही.

बाई महिन्याभराने घरी गेल्या. जिन्याखालच्या जागेत त्यांनी वेगळी शेगडी मांडली. शाळेने त्यांना खालचे वर्ग दिले. दर महिन्याला ओपीडीत यायच्या, नमस्कार करायच्या, मला पुन्हा ‘सिस्टर’ आणि ‘तुम्ही’ म्हणायच्या. मी कधी चहा विचारला नाही. वहिनींशी वर्षभर बोलणं नव्हतं असं कळलं. पुढे सुरू झालं, कामापुरतं. मीही बदलले, पण चांगलीच बदलले असं म्हणवत नाही. कुणाच्याही डब्याचा वास घेऊ लागले, नातेवाइकांच्या पिशव्यांकडे बघू लागले, घरी आईने दूध दिलं तरी क्षणभर थबकू लागले.

तीन वर्षांनी एका सकाळी बाई एकट्याच सायकलरिक्षाने आल्या. बरोबर कपड्यांची पिशवी. तारीख ओपीडीची नव्हती. वॉर्डाच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, “गोळ्या घेते आहे, तरी चार दिवस झोप नाही. गच्चीवर चाहूल लागतेय. वाढायच्या आत आले. जागा आहे?”

जागा होती. इन्चार्ज सिस्टरनी चादर घालायला सांगितलं. मी कोरा केसपेपर घेतला, स्टूल ओढलं आणि म्हटलं, “ताई, तुमच्या शब्दांत सांगा, मी तसंच लिहिते.” त्या सांगत गेल्या. मधूनमधून मान वाकवून मी काय लिहितेय ते वाचत होत्या. एका जागी त्यांनी मला थांबवलं आणि एक शब्द बदलायला लावला. मी बदलला.