कल्हई उडालेले पितळी ताट

स्नेहीजनहो, आज दुपारी माझ्या हट्टापायी माझ्या सहा वर्षांच्या नातीला त्रास झाला.

पितळी ताटांचा आग्रह माझाच. "बाबा, कल्हई उडाली आहे. तांबट आळीत देऊन येऊ का?" असे सूनबाईने दोनदा विचारले होते. "पितळ पिढ्यान्‌पिढ्या टिकते," असे सुनावून मी तिला गप्प केले.

आज जेवताना ईरा म्हणाली, "आजोबा, कढी कडू लागतेय."

"ताटात टाकायचे नाही!" मी दरडावले. तिने निमूटपणे कढीभात संपवला. तासाभरात तिला उलट्या झाल्या. आंबट कढी उघड्या पितळेत कळकली होती.

आता ती बरी आहे. मघाशी तिने विचारले, "आजोबा, मी ताटात काही टाकलं नव्हतं ना?"

तुम्ही काय सांगितले असते?