पाच व्होल्ट

२०२३ साल होतं आणि मी अडुसष्ट वर्षांचा. माझी पोकलेन बदनापूरच्या अलीकडं एका मोसंबीवाल्याच्या शेततळ्यात उभी होती, अर्धं तळं खोदून. इंजिन सुरू व्हायचं, पण आवाज चढायचा न्हाई. बकेट मातीत घातली की जागच्या जागी मान टाकायचं. पडद्यावर इंजिनचा पिवळा दिवा पेटलेला.

मोठा पोरगा जालन्याला हापिसात आहे. त्याचं कधीपासून चाललं होतं, की आबा, हे वय न्हाई, मशीन विकून टाका. त्यानं शहागडचं एक गिऱ्हाईक बी बघून ठेवलं होतं. त्या दिवशी सकाळी फोनवर आमचं वाजलं. मी म्हणलं, आज दिवस मावळायच्या आत बकेट भरून दाखवली तर? तो म्हणला, मंग मी पुन्हा विषय काढणार न्हाई. पण न्हाई भरली तर उद्या सकाळी गिऱ्हाईक येईल आणि मशीन घेऊन जाईल. मी बराबर आहे म्हणून फोन ठेवला. माझा शब्द फिरत न्हाई, हे साऱ्या गावाला माहीत आहे.

ऑपरेटर लग्नाला त्याच्या गावाकडं गेल्ता. मंग राह्यलो मी आणि आमची मालकीण, म्हणजे बायको. ती भाकरी घेऊन आल्ती, ती तिथंच थांबली.

माझं म्हणणं पक्कं होतं की हा डिझेलचाच कचरा आहे. आदल्या दिवशी टाकी धुतली, फिल्टर बदलला, पाइपातली हवा काढली. काहीच फरक न्हाई. तरी बी मी डिझेलच म्हणत होतो. शेवटी मालकिणीनं पडद्याचा फोटो काढून संभाजीनगरच्या एका इंजिनिअरला धाडला. माणूस चांगला, पण त्याला चार दिवस यायला जमणार न्हव्हतं. त्यानं फोटो बघून फोन केला. म्हणला, तीन सेन्सर खराब दाखवून राह्यलंय. एक डिझेलच्या दाबाचा, एक हवेच्या, एक ऑइलच्या.

मी म्हणलं, सेन्सरबिन्सर मला सांगू नका.

तो हसला. "काका, तिघं एकाच दिवशी मरत नसतात. तिघांना पाच व्होल्ट एकाच लाइनीतून जातात. लाइन कुठं खराब झाली ते बघा."

एवढ्यानं माझ्या डोक्यात लख्ख पडलं. समोर मोसंबीला ठिबक होतं. नळी एका जागी फाटली की पुढच्या साऱ्या झाडांचं पाणी जातं, आणि झाडाकडं बघत बसणारा येडा ठरतो. मी आदल्या दिवसापासून झाडाकडं बघत होतो. असं त्याला बोललो मात्र न्हाई.

त्यानं रीत सांगितली. चावी ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी सुई बॅटरीच्या मायनसला, लाल सुई सेन्सरच्या कपलरमधी, म्हणजे वायर जोडायच्या खोबणीत. पाच दिसले पाहिजेत. न्हाई दिसले तर एकेक सेन्सर काढत जायचा. ज्याला काढल्यावर पाच परत येतील, तो चोर.

माझे दोन्ही हात सुयांत गुंतलेले, मान इंजिनात. मीटर मालकिणीच्या हातात. ती पोकलेनच्या चेनीवर चढून उभी राह्यली, पदर मीटरवर धरून, उन्हात आकडा दिसत न्हव्हता म्हणून. ती चौथी शिकलेली, मी दुसरी. हे ती कधी विसरू देत न्हाई.

पहिला कपलर काढला. शून्याच्या जवळ. दुसरा काढला. तेच. आता चोर एकच उरला होता. तिसरा काढला.

"किती?"

"शून्यच आहे. तुमच्यावाणी, हलत न्हाई."

मी खाली बसलो. तिघं बी बाहेर, आणि तरी पाच न्हाईत. सेन्सर चांगले होते म्हणजे. मंग नळीच फाटली! मी उठलो तो भाकरी तशीच सोडून. एका सुईला आकडी करून पिनीत अडकवली, एक हात मोकळा केला आणि वायरिंगचा जाड काळा दोर टोकापासून दाबत, हलवत निघालो. ती आकडा वाचत होती. शून्य. शून्य. शून्य. इंजिनाच्या मागच्या अंगाला, जिथं डोळा पोचत न्हाई, तिथं दोर जरा उचलला.

"पाच!" ती वरडली. "गेले. पुन्हा आले. अवो, तिथंच धरा."

मी बोटांनी चाचपलं. काहीतरी वाळकं हाताला लागलं. मोबाइलची बत्ती लावली तर लिंबू-मिरची. एक लिंबू, मिरच्या, बिब्बा, कोळसा, आणि सारं लोखंडी बायंडिंग तारेत ओवून वायरिंगला आवळून पिळलेलं. इंजिनाच्या हादऱ्यानं त्या तारेनं वायरचं कातडं खाल्लं होतं. आत तांबं उघडं, आणि तारेचं टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकलेलं. पाच व्होल्ट तिथंच जमिनीत चालले होते.

मी लिंबू तिच्यापुढं धरलं. म्हणलं, नजर लागू नये म्हणून बांधलं आणि तूच लावली.

"बांधलं मी. पण पुढं बांधलं की दगडानं तुटतं, आत बांध, हे कोण म्हणलं?"

मला असं काही म्हणल्याचं आठवत न्हाई.

तार कापून काढली. उघड्या वायरला टेप गुंडाळली, वर नळी चढवली, दोर लोखंडापासून दूर ओढून प्लास्टिकच्या पट्टीनं बांधला. तिन्ही कपलर टच आवाज येईस्तोवर बसवले. दिवस कलला होता. चावी ऑन केली. दिवा पेटला आणि विझला. इंजिन मारलं, रेस दिली, आणि आवाज असा चढला की बांधावरचे बगळे उठले. मी बकेट मातीत घातली. इंजिन दबलं, पण पडलं न्हाई, दम धरून वर आलं. बकेट काठोकाठ. मी येड्यावाणी हसत होतो. मालकिणीनं पोराला फोन लावला आणि इंजिनाकडं धरला. पोरगा म्हणला, ऐकू आलं.

गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवायचं मात्र तो विसरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऊन व्हायच्या आत मशीनवर बसलो आणि राह्यलेलं अर्धं तळं काढायला घेतलं. थोड्या वेळानं बांधावर जीप थांबली. शहागडच्या माणसानं हात केला. मी बी केला, आणि पुढची बकेट भरली.