बोटीवरच्या गजराचा पॅच

माझा स्वभाव शंकेखोर. घरात त्यावरून बोलणी खाते आणि कामात त्यावरच पोट भरते. मिठबावच्या घरी बसून मी कर्नलचे पॅच तपासते. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा कारभार सांभाळणारा मूळ प्रोग्राम, आणि पॅच म्हणजे त्यात कुणीतरी सुचवलेला बदल. आम्ही तपासणाऱ्यांनी होकार दिल्याशिवाय तो आत जात नाही.

गेल्या हिवाळ्यात एक पॅच आला. बोटीच्या तळात पाणी शिरलं की बोंब मारणाऱ्या एका बॉक्ससाठी. पाणी लागलं की बॉक्सच्या फर्मवेअरने, म्हणजे कारखान्यातूनच चिपमध्ये भरून येणाऱ्या प्रोग्रामने, कर्नलला हाक मारायची असते. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. इथे फर्मवेअरमध्ये ती सोयच नव्हती. पुण्याच्या एका इंजिनियरने तोडगा काढला होता: फर्मवेअर हाक मारत नाही ना, मग कर्नलनेच दर सेकंदाला विचारायचं, पाणी आलं का?

तोडगा सुबक होता. माझ्याआधी दोघांनी होकारही देऊन टाकला होता. आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सगळ्यांच्या वतीने एक जण देवाकडे मागणं मागतो, तेव्हा मागच्याला शब्द ऐकू येवोत न येवोत, तो 'व्हय म्हाराजा' म्हणतोच, तसले होकार. मला रागच आला. कारण हाच पॅच घातलेला बॉक्स चाचणीसाठी माझ्या दादाच्या मासेमारीच्या बोटीवर बसवला होता, आणि दादा आदल्या दिवशीच समुद्रावर गेला होता.

तसलाच एक बॉक्स माझ्या टेबलावर होता. बादलीत मिठाचं पाणी केलं, सेन्सर बुडवला. बॉक्स किंचाळला. सेन्सर पुसून ठेवला आणि चहा करायला गेले. परत येते तो बॉक्सचा पडदा काळा. कुणी हात लावला नाही की बॅटरी वाचवायला बॉक्स झोपी जातो. सेन्सर पुन्हा बुडवला. काहीच नाही. थांबले. तरी काहीच नाही. पडद्याला बोट लावलं मात्र, बॉक्सने घर डोक्यावर घेतलं.

इंटरप्ट झोपलेल्या यंत्रालाही उठवतो. पण इथे विचारणारा कर्नलच यंत्राबरोबर झोपला, तर विचारणार कोण? माझी पाचावर धारण बसली.

दादाचा फोन लागेना. वहिनीला फोन केला.

"थंय रेंज खंय आसतली? वायरलेस पण बिघडलोहा. दुपारी देवगडाक येतले. कशाक गो, काय झालां?"

तिला काय सांगणार? सहज विचारलं म्हटलं आणि फोन ठेवला.

मग पॅचवर हरकत लिहिली. इंजिनियरचा लगेच फोन आला. "ताई, तुमचं चुकीचं नाही. पण बोटीवर कुणीतरी जागं असतंच ना? पाणी आलं तर तो बघेल. एवढ्यासाठी अडवू नका, कर्नलच्या नव्या आवृत्तीची ही खेप हुकेल."

हेही खोटं नव्हतं. दादाच्या बोटीवर पाळीपाळीने एक जण राखणीला जागा असतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. माझा मलाच संशय आला, उगाच काथ्याकूट करतेय का? विचार करून सांगते म्हटलं, स्कूटर काढली आणि देवगडचं बंदर गाठलं.

एकेक बोट येत होती, दादाची काही दिसेना. दिसली तेव्हा आधी तिच्यावरची माणसं मोजली. सगळी होती. जिवात जीव आला आणि तिथेच रडू फुटलं.

दादा मात्र खुशीत होता. "गो बाय, तू हंय खंय? तुमचो बॉक्स लय बरो! एकदाय वाजूक नाय. दर फेरेक एकाक जागो ठेवूचो लागता. ह्या फेरेक कोणाकच ठेवूक नाय. बॉक्स आसा तर कित्याक? सगळे गाढ झोपलाव."

धक्क्यावर उभ्या उभ्याच मी मोबाइलवरून पॅचला नकार लिहिला. कारण म्हणून एकच ओळ घातली: हा बॉक्स बसवल्यापासून बोटीवर कुणी जागं राहत नाही.