आत्याच्या बाजूची काच

दर खंडेनवमीला तुम्ही आपल्या मोटारीच्या दारांत काय काय ओतता, याचा कधी विचार केला आहे का?

आम्ही केला नव्हता. खासबागेत आमच्या घरापुढे वडिलांची, म्हणजे आप्पांची, भाड्याची मोटार उभी असे. खंडेनवमीला तिला धुवायचं, झेंडूचा हार घालायचा, कुंकू-अक्षता वाहायच्या आणि फट दिसेल तिथे गोडंतेल सोडायचं. काच जिथून वर-खाली होते त्या खाचेत तर धारच धरायची. अशात मागच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर येऊन अडकली. आप्पांनी आणखी तेल सोडलं.

लढाईचे दिवस होते. कॅम्पातले मिस्त्री लष्कराच्या गाड्यांत गुंतलेले, पेट्रोल कुपनावर. उतारू अर्धी काच चालवून घेत. आत्याला ती चालणार नव्हती.

आत्या आप्पांची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. तिला दमा होता. तिची एकुलती एक लेक निपाणीला दिलेली, आणि आता लेकीचं डोहाळजेवण ठरलं होतं. लग्नानंतर आत्या लेकीच्या घरी एकदाही पोचली नव्हती. मागं सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या खासगी बसनं, निघाली, तर संकेश्वरच्या अलीकडेच धुळीनं छाती भरली आणि तिला परत आणावं लागलं. आप्पांनी सांगून टाकलं, "ओटीचं सामान मी घेऊन जातो. तू हितंच ऱ्हा."

"लेकीची ओटी मामा भरणार व्हय रं?" आत्या एवढंच म्हणाली आणि चुलीपुढे जाऊन बसली.

मला ते पाहवेना. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. अन्याय दिसला की मागणी मांडायची, एवढं मला पक्कं येत होतं. मी आप्पांपुढे मागणी मांडली: मला ते दार खोलू द्या.

"पत्रकं वाचून मोटार दुरुस्त हुईत न्हाय, गं."

"तेल वतूनबी झाली न्हाय की, आप्पा."

ते हसले. "बरं, खोल. काच फुटली तर तूच काच हून बस तिथं."

हँडलमागची खीळ काढली, आतली रेक्झिनची फळी सोडवली. दाराच्या पोटात आमची सगळी भक्ती साचून राहिली होती. तेल, रस्त्याची माती आणि निपाणीच्या तंबाखूची भुकटी यांचा काळा चिकट लगदा, त्यात अक्षता, त्यात झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. काच ज्या नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, पट्ट्यांतून सरकते त्या पट्ट्या लाकडासारख्या कडक झालेल्या. तेलानं काच सरकत नव्हतीच. तेल धूळ धरून ठेवत होतं.

मी पट्ट्या रॉकेलच्या फडक्यानं पुसून उन्हात घातल्या. रॉकेलचा वास आत्याला सोसत नसे, म्हणून त्या पार वाळल्यावर ओट्यावर बसून तिनं त्यांना शंखजिऱ्याची गुळगुळीत पूड चोळली. मग मी पट्ट्या परत बसवल्या, काच तळापर्यंत खाली नेली, तिची दोन्ही टोकं खालच्या पन्हळीत सरळ बसवली आणि हँडल फिरवायला लागले. काच वर निघाली. वर, आणखी वर, आणि दोन बोटं राहिली असताना थांबली.

"लई झालं की," आप्पा म्हणाले. "एवढी फट ऱ्हायली तर ऱ्हाऊ दे."

"त्याच फटीतनं आख्खा रस्ता आत येतोय," आत्या ओट्यावरून म्हणाली.

अर्ध्या मागणीवर समाधान मानणाऱ्यांवर मी एरवी तुटून पडत असे. आता मागे कशी हटणार? काच उचलणाऱ्या लोखंडी हाताला दाते असतात. दारात हात घालून एकेक दाता चाचपला. शेवटच्या दोन दात्यांमध्ये काहीतरी गोल, टणक रुतून बसलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं, तर हातात सुपारी आली. पूजेची.

आप्पा सुपारीकडे पाहत राहिले. आत्यानं ती माझ्या हातातून घेतली, पुसली आणि पदराला बांधली. "म्हंजे माझ्या वाटंत सुपारी ठिवून बसलातास तू?"

"देवाला ठिवली होती, आक्का."

"देव दारात बसतोय व्हय रं?"

दात्यांना नखाएवढं ग्रीस लावलं, बाकी सगळं कोरडं ठेवलं. हँडल फिरवलं. काच वरच्या काठाला जाऊन टेकली, तेव्हा फटीत पोस्टकार्डसुद्धा शिरत नव्हतं. मी ती पुन्हा तळाला नेली, पुन्हा वर आणली. आप्पांनी मला बाजूला सारून स्वतः फिरवून पाहिली, आणि आत्याला म्हणाले, "पेटीतलं चांगलं लुगडं काढून ठेव. उद्या निघायचं."

चारी काचा लावून आम्ही घामानं निथळत गेलो. तवंदी घाटात समोरून लष्करी लॉऱ्यांची रांग आली आणि धुळीत रस्ताच दिसेनासा झाला. आप्पांनी आरशातून मागं पाहिलं.

"मला काय बघतोस? फुडं बघ," आत्या म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता.

निपाणीत लेक दारातच उभी होती. आईला मोटारीतून उतरताना पाहून ती पायऱ्या उतरून आली आणि तिनं आईचा हात धरला. आत्या पायऱ्या चढली, तिनं स्वतःच्या हातानं ओटी भरली, आणि बायका डोहाळ्यांची गाणी म्हणायला बसल्या तेव्हा पहिली ओळ तिनंच उचलली. न खोकता. मी माझे काळे हात पदराखाली लपवले नाहीत.

म्हणून माझी ही मागणी. यंदाच्या खंडेनवमीला मोटारीला हार जरूर घाला, कुंकू लावा. पण तेलाची बुधली हातात घेण्याआधी प्रत्येक दाराची काच तळापर्यंत खाली न्या आणि काठापर्यंत वर आणा. जिथे अडेल, तिथे तेल ओतू नका, दार खोला.