टाक्यांपुढचे करंज

सकाळी फाटकातून आत शिरलो आणि जागीच थांबलो. करंज आणि कडुनिंबाच्या दोन ओळी, सगळी झाडं नागडी. खाली पानांचा खच. मधून विजेच्या कारखान्याच्या तेलटाक्या आणि धुराडं पार रस्त्यावरून दिसत होतं. अरे बाप रे, हे मी केलं?

मीच केलं होतं. अमरावतीत वीज नवी होती, वऱ्हाड मध्यप्रांताच्या सरकारात होता, तेव्हाची ही गोष्ट. शहराबाहेर इंजिनघर उभं राहिलं आणि बंगल्यांतल्या बड्या लोकांच्या डोळ्यांत त्या काळ्या टाक्या खुपायला लागल्या. कारखान्याच्या गोऱ्या साहेबानं त्या झाकायला आपल्याच मातीतली, उन्हाला दाद न देणारी झाडं लावायचं ठरवलं. माळी म्हणून मला घेतलं, ते काही माझं तोंड बघून नाही. माझा बाप शेंदूरजनाघाटचा संत्रावाला. बागेचं पाणी कधी तोडायचं हे विचारायला चार गावचे लोक त्याच्याकडे येत. मी मात्र त्याच्याशी भांडून निघालो होतो, मलाही झाडातलं कळतं म्हणून. साहेब म्हणाला होता, तिसऱ्या पावसाळ्यापर्यंत टाक्या दिसेनाशा झाल्या तर तुला कायम करतो.

दोन वर्षं झाडं बरी वाढली, पण दाट होईनात. साहेब चिखलदऱ्याला हवा खायला गेला आणि माझ्या डोक्यात शहाणपण शिरलं. संत्र्याला आम्ही ताण देतो. पाणी बंद करायचं, मुळ्या उघड्या करून उन्हात ठेवायच्या. झाड सुकतं, पानं गाळतं, मग पाणी दिलं की असं फुटतं की फांदी दिसत नाही. म्हटलं, करंज काय आणि संत्रा काय, झाडच ना! दिला ताण.

पानं गळणार हे ठाऊक होतं, पण त्या सकाळी बघितलं तसं उघडंबोडकं होईल असं वाटलं नव्हतं. घाबरून पाणी सोडलं. आठ दिवस गेले, पंधरा गेले. एक कोंब नाही. नखानं साल खरवडली तर आत सरपणासारखं कोरडं. मग राग गिळून बापाला निरोप धाडला.

तो आला. एकेका झाडाची साल खरवडत शेवटपर्यंत गेला आणि परत आला.

"ताण मोठ्या झाडाले देतात रे," एवढंच म्हणाला. "हे तं लेकरं होते."

नेमका तेव्हाच साहेब परतला. पाणी कोणी तोडायला सांगितलं, म्हणून त्यानं विचारलं. बाप पुढे झाला.

"म्या सांगतलं, साहेब. पोरगा नाईच म्हनत होता."

साहेब आपल्या मोडक्या हिंदीत सगळ्या इंजिनवाल्यांसमोर त्याला नाही नाही ते बोलला. तू कसला झाडांचा जाणकार, म्हणाला. बाप हात जोडून, मान खाली घालून उभा. पुन्हा इथे पाय ठेवू नको, असं त्याला बजावून साहेबानं मला नवी रोपं लावायला सांगितली. माझं काम वाचलं.

मोटर स्टँडवर मी विचारलं, काहून असं केलं? तो म्हणाला, "तुले हे काम टिकवा लागते. मले काय, माही बाग हाये."

पण साहेबाचा कारकून आमच्याच भागातला, त्यानं ही बातमी गावापर्यंत नेली. पुढच्या उन्हाळ्यात घरी गेलो, तर ताणाचे दिवस असून ओसरीवर चिटपाखरू नव्हतं. आई हळूच म्हणाली, लोक आता दुसरीकडे विचारतात. नवी रोपं सगळी जगली, म्हणून साहेबानं मला तोवर कायम केलं होतं. पारावर जाऊन खरं सांगायला कितीसा वेळ लागला असता! पण तोच कारकून हेही साहेबाच्या कानावर घालील, या भीतीनं माझी दातखीळ बसली. लाज वाटते सांगायला, पुढेही कधी सुटली नाही.

बापाच्या तेरवीला पंगतीत दोघं बोलत होते, की बुढा मानूस लय चांगला, पन शेवटी शेवटी झाडातलं इसरला होता. मी ते ऐकलं आणि त्यांच्या पानात भात वाढला.