अक्कांचा कॅमेरा

जामनेरच्या त्या गल्लीतून जाताना मी अजून मान वर करत नाही.

मी घरोघरी कॅमेरे बसवतो. तिथल्या एकट्या राहणाऱ्या अक्कांसाठी त्यांच्या पुण्यातल्या मुलाने फोनवरूनच कॅमेरा बसवायला सांगितला होता. मी गल्लीकडच्या दारावर शिडी लावून चढलेलो असताना अक्का नवं लुगडं नेसून, केस विंचरून समोर खुर्चीत बसल्या.

"मी त्याले दिसीन, पण तो मले कवा दिसीन?"

मी मुलाला फोन लावला.

"हो, आई दिसतेय. क्लिअर आहे."

"बोलता का त्यांच्याशी?"

"नंतर. आता काय, रोजच दिसेल."

फोन बंद झाला.

"काय म्हने?" अक्कांनी विचारलं.

"तब्येत विचारत होते," मी म्हणालो.

अक्कांनी पदर सारखा केला आणि कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने सांगितलं, "बरी हाये रे, बाबा."

त्या कॅमेऱ्यातून आवाज जात नाही, हे मला सांगवलं नाही.